आईची झोप : सहा ते नऊ

माझा दादा लोकांना आवर घालण्याचा पगार घेतो. त्याच्या कार्डावर लांबलचक पद छापलंय, पण काम एवढंच, की कंपनीतली माणसं कॉम्प्युटरवरच्या शीटमध्ये, म्हणजे त्या उभ्या-आडव्या रेघांच्या तक्त्यात, जे काही भरतात ते दादाला चालेल तेवढंच भरावं. तारखेच्या जागी तारीखच. आकड्याच्या जागी आकडाच, आणि तोही त्याने ठरवून दिलेल्या दोन टोकांच्या मधला. शब्द भरायचा असेल तर आपल्या मनाने नाही. चौकोनावर बोट ठेवलं की खाली एक यादी उघडते, तिच्यातला एक उचलायचा. यादीबाहेरचं काही लिहिलं की लाल पाटी येते आणि आपण लिहिलेलं पुसलं जातं. "माणसाला मोकळा रकाना दिला की तो त्यात घाण करतो," हे त्याचं आवडतं वाक्य आहे आणि ते तो जेवायच्या टेबलावरही म्हणतो.

आई बाथरूममध्ये घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि ती पलंगाला खिळली, तेव्हा दादा दोन दिवसांसाठी आला होता. पहिला दिवस त्याने डॉक्टरांना उलटसुलट प्रश्न विचारण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी आईच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढून लॅपटॉप उघडला. मला वाटलं, ऑफिसचं काम असेल. संध्याकाळी माझ्या फोनवर एक शीट येऊन पडली. वर ठळक अक्षरांत 'आई : दैनंदिन नोंद'. त्याखालच्या चौकोनात 'संकल्पना व निर्मिती', आणि शेजारच्या चौकोनात एकटाच, ऐसपैस बसलेला, 'दादा'.

"आता आपण तिघं मिळून आईला सांभाळू," तो म्हणाला. "तू भरायचं, मी बघायचं."

"आणि मधल्याने?"

"तोही बघेल की."

मधला म्हणजे आमचा दुसरा भाऊ. तो समुद्रापलीकडे राहतो आणि तिथून अंगठा पाठवतो. आईला ताप आला, अंगठा. ताप उतरला, अंगठा. तिसरी मी, धाकटी. मी लग्न केलं नाही, आईबरोबर राहते आणि दिवसा चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासते. लग्न न केलेल्या बाईचा वेळ म्हणजे घरातला नळ, ज्याला लागेल त्याने सोडावा, असं आमच्या घरात सगळ्यांनी कधीच न बोलता ठरवून टाकलंय. दिवसा आईजवळ नर्सताई असतात. त्यांचा पगार दोघे भाऊ मिळून देतात आणि देतात हे मला विसरू देत नाहीत. संध्याकाळी नर्सताईंनी चपला घातल्या की सकाळी त्या परत येईपर्यंत मी.

शीट भरायला घेतली तेव्हा कळलं की दादाने आईच्या बाबतीतही काही ढिलाई ठेवलेली नाही. 'तब्येत' या रकान्याची यादी उघडली की तीन शब्द यायचे: उत्तम, चांगली, समाधानकारक. 'जेवण'साठी दोन: पूर्ण, पुरेसे. 'मनःस्थिती'साठी: आनंदी, शांत. यातलं काहीही उचललं तरी चौकोन हिरवागार व्हायचा. दुसरा रंग त्याने ठेवलाच नव्हता. 'झोप' हा रकाना मात्र तासांचा होता, तिथे आकडा भरायचा होता.

पहिल्याच आठवड्यात मी तिथे तीन भरले, कारण आई तीनच तास झोपली होती. उरलेली रात्र तिने मला हाका मारण्यात घालवली होती. लाल पाटी आली: 'ही नोंद ग्राह्य नाही. कृपया ६ ते ९ मधील संख्या भरा.'

"आई, दादाचं म्हणणं आहे की तू अजून तीन तास तरी झोपायला हवं होतंस," मी म्हटलं.

"त्याला म्हणावं, येऊन झोपव," आई म्हणाली.

आमची आई सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. समोर भोकांचा बोर्ड, हातात वायरी, कानाला हेडफोन. माणसाचं तोंड न बघता नुसत्या आवाजावरून खरंखोटं ओळखायचं तिच्या अंगवळणी पडलंय. अजूनही समोरच्याने लांबण लावली की ती जुन्या ट्रंक कॉलसारखं त्याला मध्येच तोडते, "तीन मिनिटं झाली." डॉक्टरांनाही तिने हे दोनदा ऐकवलंय.

मी दादाला फोन केला.

"अगं, सहाच्या खालचा आकडा म्हणजे टायपिंगची चूक असते," तो म्हणाला. "म्हणून अडवलंय."

"चूक नाही. तीनच तास झोपली ती."

"दुपारची धरलीस का? डुलक्या असतील."

"डुलक्या धरूनच तीन."

"हे बघ, तू भावनेच्या भरात बोलतेयस. तुला मोकळा रकाना दिला तर तू तिथे कादंबरी लिहीत बसशील. मला सकाळी एका नजरेत सगळं दिसायला हवं."

एका नजरेत त्याला काय दिसायला हवं होतं ते वहिनीने पुढे कधीतरी सांगितलं. "अगं, उठल्या उठल्या आधी आईंची शीट उघडतात हे. सगळं हिरवं दिसलं की मगच चहा घेतात. इतका जीव आहे आईंवर." ती हे मनापासून कौतुकाने सांगत होती. मी सात भरायला लागले. रोज सात. सात सगळ्यांनाच बरं वाटतं.

शेवटी एक 'शेरा' नावाचा रकाना होता, मोकळा. मी त्या रकान्याकडे आशेने बघायची. पण त्यालाही दादाने अक्षरांची मर्यादा घातली होती, हे मला आई दुसऱ्यांदा पडली तेव्हा कळलं. मी लिहिलं, 'आई वॉकर न घेता उठली, पडली, भुवईवर टाके घालावे लागले, खूप रडली.' पाटी आली: शेरा मोठा आहे. मी 'खूप रडली' काढलं. तरी मोठाच. मग वॉकर काढला. मग भुवई काढली. शेवटी 'आई पडली. टाके.' एवढं आत गेलं. तब्येतीच्या यादीतून 'समाधानकारक' उचललं, कारण त्याहून खालचं काही नव्हतंच. चौकोन हिरवा झाला. थोड्या वेळाने मधल्याचा अंगठा आला. मी आईच्या उशीचा रक्ताचा अभ्रा थंड पाण्यात भिजत घातला आणि दुकानात गेले.

बरं, एवढ्यावर भागत असतं तरी चाललं असतं. पण दादाने शीटला आणखी एक कामगिरी दिली होती. महिनाअखेरीला ती आपोआप एक मेल तयार करायची आणि झाडून सगळ्या नातेवाइकांना पाठवायची. 'आईचा मासिक आढावा.' त्यात रंगीत गोल. तब्येतीचा गोल हिरवा, जेवणाचा गोल हिरवा, झोपेची सरासरी सात. आमच्या वडिलांची बहीण, आत्या, ही आमच्या नात्यातली बातम्यांची मुख्य कचेरी. ती दर महिन्याला सगळ्यांना वाचता येईल असं उत्तर द्यायची. "मुलगा असावा तर असा. लांब राहून आईला तळहाताच्या फोडासारखं जपतो." हे मी एकदा आईखालची ओली चादर ओढून काढता काढता वाचलं. माझं डोकं इतकं फिरलं की मी चादर बादलीऐवजी कपाटात टाकली.

मग दुकानात ती खुर्चीची गोष्ट निघाली.

आमच्या दुकानाच्या पुढच्या खोलीत डोळे तपासायची खुर्ची आहे. तिथे बसून गिऱ्हाइकांचे डोळे तपासणाऱ्या बाई आता निवृत्त होणार होत्या. मालकाने मला मागे येऊन सांगितलं, "दुसऱ्या गावात दीड महिन्याचा तपासणीचा कोर्स आहे. एक तारखेला सुरू होतोय. तू करून आलीस तर खुर्ची तुझी, नोकरी पूर्णवेळ. नाही जमलं तर आत्ताच सांग, माझा भाचा तयार बसलाय."

मला ती खुर्ची हवी होती. मागच्या खोलीत नाकावर फडकं बांधून काचेच्या धुरळ्यात बसलं की दाराच्या फटीतून त्या बाईंचा आवाज यायचा. "आता कसं दिसतंय? आणि आता? हे बरं की ते?" समोरचा सांगेल ते त्या मान डोलावून लिहून घ्यायच्या. कोणी म्हटलं, काहीच दिसत नाही, तर तेही लिहून घ्यायच्या. मला वाटायचं, जगात याहून सभ्य काम नसेल. माझी चाळिशी उलटली आहे, पुन्हा अशी खुर्ची कोणी माझ्यासाठी रिकामी ठेवणार नव्हतं. मी मालकाला म्हटलं, जमवते.

दादाला फोन केला. सगळं सांगितलं. "दीड महिना. फक्त एकदा. तू येऊन राहा."

"छान, छान. करच कोर्स," तो म्हणाला. "नियोजनाच्या पानावर टाक ना तसं."

शीटला दुसरं एक पान होतं, 'नियोजन'. तिथे पुढच्या महिन्याच्या तारखा आणि प्रत्येक तारखेपुढे 'आईजवळ कोण'. दादाचं 'संकल्पना व निर्मिती' याही पानावर विराजमान होतंच. मी एक तारखेच्या चौकोनावर बोट ठेवलं. यादी उघडली. तीत दोन नावं होती. धाकटी. नर्सताई. मी यादी वर सरकवून बघितली, खाली सरकवून बघितली. मग हाताने टाइप केलं, 'दादा'. लाल पाटी आली: 'ही व्यक्ती ग्राह्य नाही.'

मला इतकं हसू आलं की पलंगावरून आई म्हणाली, "काय झालं गं?"

"दादा ग्राह्य नाही, आई."

"कुठे?"

"तुझ्याजवळ."

आई छताकडे बघत राहिली. "त्याच्यामागे कामं किती असतात," ती म्हणाली. "तू आपली उठसूट त्याला फोन करतेस."

मी तिच्या पायाला तेल लावत होते. तशीच लावत राहिले, जरा जोरात.

दुसऱ्या दिवशी दादाला म्हटलं, "तुझं नाव घेत नाही शीट."

"यादीत नसेल."

"यादी तूच केलीयस."

"हो, पण असं उठून नाव घालता येत नाही गं. आधी निकष ठरवावे लागतात. नाहीतर उद्या कोणीही कोणाचंही नाव घालेल."

"आपण तिघं आहोत, दादा. कोण कोणाचं घालणार आहे?"

"म्हणून तर नियम आधी हवेत. बघतो मी."

दादाचं 'बघतो' मला चांगलं माहीत आहे. वडील गेले तेव्हाही तो पुष्कळ गोष्टी बघणार होता. मी आठवडाभर वाट पाहिली, रोज त्या यादीवर बोट ठेवून बघितलं, तिसरं नाव काही उगवलं नाही. तिकडे मालकाचा भाचा एकदा दुकानात आला, पुढच्या खोलीत गेला आणि खुर्चीत बसून गरागरा फिरून बघून गेला. मला मागे बसून खुर्चीची करकर ऐकू येत होती. त्या दिवशी माझ्या हातून एका गिऱ्हाइकाची काच तडकली.

महिना संपत आला तशी दादाने आठवण करून दिली, की पुढच्या महिन्याचं नियोजन भरलेलं नाही. मी भरायला बसले. फोनवर एकेका चौकोनाची यादी उघडत बसायचा मला कंटाळा, म्हणून माझी पद्धत ठरलेली होती. एकदा आपलं नाव उचलायचं, कॉपी करायचं आणि महिनाभर खाली चिकटवत जायचं. तेवढ्यात आईने हाक मारली, तिला भांडं हवं होतं. मी एका हाताने तिला कुशीवर केलं, दुसऱ्या हातात फोन, आणि घाईत बोट पडलं ते वरच्या त्या एकट्या, ऐसपैस चौकोनावर. तेच नाव कॉपी झालं हे मला कळलं नाही. मी आपलं सवयीने चिकटवून टाकलं. आईचं आटोपून, हात धुऊन आले आणि बघते तर एक तारखेपासून महिनाअखेरीपर्यंत सरळ रांगेत दादा, दादा, दादा, दादा. पाटी नाही, काही नाही.

मला वाटलं, फोन बिघडला. मी एक चौकोन पुसला आणि हाताने टाइप करून बघितलं. पाटी आली. पुन्हा चिकटवून बघितलं. मुकाट्याने आत गेलं. म्हणजे टाइप करणाऱ्याला अडवायला दादाने पुढच्या दारात पहारेकरी बसवला होता आणि चिकटवणाऱ्यासाठी मागचं दार सताड उघडं होतं. हाच माणूस गावोगाव जाऊन लोकांना हे शिकवतो, आणि लोक वहीत उतरून घेतात. त्याच्या हाताखालच्या माणसांना ते दार नक्कीच माहीत असणार. साहेबाला कोण सांगायला जातंय!

मी ती रांग तशीच राहू दिली. चुकून झालेली गोष्ट जाणूनबुजून राहू दिली, असं म्हणा हवं तर. आता सगळंच चिकटवता येत होतं, तब्येतीच्या रकान्यात 'वाईट' लिहिता आलं असतं, झोपेत तीन भरता आले असते. पण ते रकाने मी हिरवेच ठेवले. त्याच्याच हिरव्याच्या भरवशावर तो येणार होता, मी कशाला रंगाचा बेरंग करू?

महिनाअखेरीला मेल गेली. 'पुढील महिना. आईजवळ कोण: दादा, शंभर टक्के.' एक अख्खा गोल, एकाच रंगाचा. आत्याचं उत्तर सगळ्यांत आधी आलं. "वाचून डोळे भरून आले. एवढ्या मोठ्या हुद्द्यावरचा माणूस, पण आईसाठी सगळं बाजूला सारून निघाला." मग मावसभावंडं, चुलतभावंडं, वहिनीच्या माहेरचे, सगळ्यांनी हात जोडले. मधल्याने या वेळी दोन अंगठे पाठवले.

दादाचा फोन आला तेव्हा मी बॅग भरत होते.

"हे माझं नाव कसं आलं?"

"शीटने घेतलं."

"शीट घेऊच शकत नाही."

"मग सगळ्यांना कळव, चूक झाली म्हणून. आत्यापासून सुरुवात कर."

मग त्याचा आवाज एकदम लहान झाला. "अगं, मला नाही जमायचं. आजारी माणसाचं सगळं करायचं म्हणजे… मला सवय नाही."

"आजारी कोण आहे? थांब, वाचून दाखवते. तब्येत समाधानकारक ते उत्तम. जेवण पूर्ण. झोप सरासरी सात तास. मनःस्थिती आनंदी. दादा, असं माणूस सांभाळायला काय लागतं? बाजूला बसून पेपर वाचायचा."

"पण ते तू भरलेलं आहेस!"

"तू दिलेल्यातलंच उचलून भरलंय."

तो आला. एक सुटकेस, एक लॅपटॉप, फोनच्या वायरींचं एक वेगळं पाकीट. आणि आमच्या आईने काय करावं? सकाळपासून नर्सताईंच्या मागे लागून केस विंचरून घेतले, इस्त्रीचे कपडे घातले आणि पलंग सोडून खुर्चीत ताठ बसली. एरवी मला चमचा फेकून मारते ती बाई त्याच्यासमोर थेंबही न सांडता अख्खा कप चहा प्यायली. नातवंडांची परीक्षा कधी आहे ते विचारलं. तो वाळलाय म्हणाली.

"हिला काय झालंय?" दादा मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाला. "ठणठणीत आहे की! तू उगाच बाऊ करत होतीस."

मला त्या क्षणी दादापेक्षा आईचा राग आला. खरंच आला. पण आई आहे, तिला त्याच्या हातात सोडून जायचं होतं, म्हणून राग गिळून सगळं नीट समजावलं. पॅड कसं बदलायचं. कुशीवर करताना हात कुठे घालायचा. कुठली गोळी कुस्करून द्यायची. आणि मुख्य गोष्ट, संध्याकाळी उजेड कमी झाला की ती एक्सचेंजमध्ये असते.

"म्हणजे?"

"म्हणजे तिला समोर बोर्ड दिसतो. माणसं ओळखत नाही. तेव्हा आई आई करून तिला हलवू नकोस, घाबरते. शांतपणे एखादा नंबर मागायचा. ती लावून देते. मग हळूहळू निवते."

दादा भिंतीला प्लगची जागा शोधत होता. "हे शीटमध्ये कुठे आहे?"

"कुठेच नाही."

"मग लिहून ठेवायचं ना!"

"कुठे?" मी विचारलं. त्याला प्लग सापडला, तो तिकडे वाकला. मी डॉक्टरांचा आणि नर्सताईंचा नंबर फ्रीजवर चिकटवला आणि आईला सांगायला गेले. ती माझा हात धरून म्हणाली, "त्याला फार कामाला लावून जाऊ नकोस हं." मी हो म्हटलं आणि जिना उतरले.

कोर्सच्या वर्गात आम्ही एकमेकांच्या नाकावर ती जड, लोखंडी तपासणीची फ्रेम ठेवून काचा बदलायला शिकत होतो. पहिले दोन दिवस घरून फोन नाही. मी चोरून शीट उघडून बघत होते. दादाने काहीच भरलं नव्हतं. सगळे चौकोन पांढरे. मला काळजी वाटायची, मग मी नर्सताईंना विचारायची, त्या म्हणायच्या, "आई ठीक आहेत. साहेबांचं काही खरं नाही."

त्यानंतर एकदा सकाळच्या सुट्टीत फोन वाजला. मी बाहेर व्हरांड्यात आले.

"झोपेच्या रकान्यात दीड घेत नाहीये," दादा म्हणाला. आवाज घोगरा झाला होता, पण बोलणं अजून ऑफिसातलंच होतं.

"तुझीच शीट आहे. नियम बदल."

"बदलला. अगं, ती झोपतच नाही. काल तिने माझ्या हाताला चावा घेतला. तिचे कपडे… मी मुलगा आहे तिचा, मी कसं करायचं ते?"

"मी तरी कुठे शिकून आले होते?"

"तू परत ये. शनिवारी ये. कोर्स पुढच्या वर्षी कर, मी स्वतः तुझ्या मालकाशी बोलतो."

पुढच्या वर्षी त्या खुर्चीत भाचा बसलेला असणार, हे त्याला मी दोनदा सांगितलं होतं. व्हरांड्यातून वर्गातली रिकामी खुर्ची दिसत होती, तिच्यावर माझी फ्रेम ठेवलेली होती. आई चावली म्हणजे किती घाबरली असेल, तेच डोळ्यांपुढे येत होतं.

"नाही," मी म्हटलं.

"अगं, पण…"

"नाही, दादा. मी येणार नाही. मी दीड महिन्यानंतर येईन, कोर्स संपल्यावर."

मला वाटलं, तो चिडून फोन ठेवेल. ठेवला नाही. पलीकडे नळ चालू होता, मग तो बंद झाल्याचा आवाज आला.

"काल संध्याकाळी तिने मला विचारलं, कोणता नंबर हवाय," तो म्हणाला. "तू सांगितलं होतंस तसं मी शांतपणे सांगितलं. म्हटलं, तुमच्या मोठ्या मुलाला फोन लावून द्या."

"मग?"

"मग तिने वायरी लावल्या. हवेतच. एकदा लावली, काढली, परत लावली. कितीतरी वेळ. मी समोरच बसलो होतो गं. मग मला म्हणाली, 'तो नंबर लागत नाही हो. नेहमीचंच आहे, लाइन कायम बिझी असते. मी धाकटीचा लावून देते. ती उचलते.'"

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं ज्या गोष्टीसाठी मी आतल्या आत धुमसत होते, ती कोणीतरी अखेर बोललं होतं, आणि नेमकं त्याच्यासमोर बोललं होतं. मी भिंतीला टेकून तो आनंद पुरेपूर घेतला. मग पलीकडे दादा रडायला लागला. तो रडताना कसा आवाज करतो ते मला माहीतच नव्हतं. लहानपणीही आम्ही रडायचो, तो आम्हाला गप्प बसवायचा. येते मी, असं अगदी ओठांवर आलं. वर्गाच्या दारात आम्हाला शिकवणाऱ्या बाई येऊन उभ्या राहिल्या, त्यांनी मला हाताने आत बोलावलं.

"दादा, आज संध्याकाळी परत तोच नंबर माग," मी म्हटलं.

"तिला तो लागत नाही गं."

"लागेपर्यंत माग. रोज माग," मी म्हटलं आणि फोन ठेवून वर्गात गेले.